दारावरचं नामेलेचं पान

माझ्या सत्कारासाठी भरलेल्या या सभेचे अध्यक्ष आणि समुद्राकडच्या वाडीचे प्रमुख, आदरणीय तारीवेर, त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेले वरच्या वाडीचे प्रमुख, आदरणीय पाकोआ, सुवाहून तीन दिवसांचा प्रवास करून, वाटेत जहाजात ओकत का होईना, पण वेळेवर पोचलेल्या आमच्या मिशनच्या मुख्य भगिनी, आमचे पास्टर, शाळेचे मुख्याध्यापक, समोर चटयांवर बसलेल्या माझ्या बहिणींनो, मागे भिंतीला टेकलेल्या भावांनो, आणि "खाली उतरा" असं तीनदा सांगूनही खिडक्यांत लोंबकळत राहिलेल्या विद्यार्थ्यांनो,

तुम्हा सर्वांना नेई ताराइयाचा, म्हणजे तुमच्या बाईंचा, मनापासून नमस्कार.

माझ्याआधी पाच जण बोलले. पाचही जण माझ्याबद्दल फार प्रेमाने बोलले आणि पाचही जणांनी एक शब्द आवर्जून वापरला. धीट. पास्टर म्हणाले, अशी धीट बाई पाहिली नाही. मुख्याध्यापक म्हणाले, चक्रीवादळाच्या दारात उभं राहून खरं बोलणारी बाई. तेव्हा मी मान खाली घालून बसले होते. तुम्हाला वाटलं असेल, बाई लाजल्या. बाई लाजल्या नव्हत्या हो, बाईंना दरदरून घाम फुटला होता. 

धीट आणि मी? माझा जन्म किरिबातीमधल्या एका बेटावरचा. आमच्याकडे वाळू, माड, केवडा आणि चारी बाजूंना पाणी. सगळ्यात उंच जागा म्हणजे चर्चची पायरी. पुढे सुवाला मिशनच्या शाळेत नोकरी लागली आणि अठरा वर्षांपूर्वी वरून हुकूम आला, की डिसेंबरची सुट्टी लागली की वानुआतूला जा, नावोरा नावाचं गाव आहे, तिथे दीड महिना लोकांना वाचायला शिकव. मी जहाजातून तुमचा डोंगर पाहिला आणि मला वाटलं, हा आता माझ्या अंगावर पडणार. हसा, हसा. पहिल्याच दिवशी जेवायला बसले तर जमीन हलली. मी हातातलं लापलाप, ते पानात भाजलेलं कंदाचं जेवण, टाकून बोंबलत बाहेर पळाले. बाहेर माझ्यामागे कोणीच आलं नव्हतं. आतून फक्त लेइसालेचा आवाज आला, "अगं ये परत, थंड होतंय. हे रोजचंच आहे."

लेइसाले तुम्हाला सांगायला नको. भगिनींसाठी सांगते. मी आले त्या दिवसापासून माझं खाणंपिणं तिने पाहिलं. माझ्या वर्गात सगळ्यात आधी नाव घातलं तिने. तेव्हा तिला नववा महिना होता आणि ती म्हणायची, पोर पोटात आहे तोवर दोघांचं शिक्षण एकाच फीमध्ये होतंय. मागच्या कोनफळांच्या हंगामात ती गेली. मघापासून माझ्या शेजारी माइक धरून उभी आहे ती त्याच पोटातली लेक.

मला सगळ्याचीच भीती वाटायची. डोंगराची, नदीची, कुत्र्यांची. पाकोआंचीसुद्धा, कारण ते बोलताना हसतच नाहीत. माफ करा प्रमुख, आजही हसत नाही तुम्ही. पण सगळ्यात जास्त भीती होती परत पाठवलं जाण्याची. माझ्याआधी इथे एक मास्तर आले होते. त्यांच्याकडून कोण्या प्रमुखाचा अपमान झाला आणि पुढच्याच जहाजाने त्यांची रवानगी झाली, हे मला सुवाला बजावून सांगितलं होतं. आणि माझ्या वडिलांनी आमच्या गावच्या सभागृहात सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं, की माझी मुलगी परमुलखात शिकवायला चालली आहे. आता सांगा, कोणत्या तोंडाने परत जाणार होते मी?

तर त्या पहिल्या सुट्टीची गोष्ट. ती तुम्ही शंभरदा ऐकली आहे, मुलांनी तर त्याचं नाटकही बसवलं होतं, त्यात माझं काम करणारी पोरगी माझ्यापेक्षा बरी घाबरली होती. तरी आज मला ती पुन्हा सांगू द्या. का, ते शेवटी कळेल.

नाताळला आठ दिवस राहिले होते. पास्टर बायकोच्या गावी दुसऱ्या बेटावर गेले होते. मी याच शाळेच्या इमारतीत, मागच्या खोलीत राहत होते. गावात सिमेंटची इमारत तेव्हा ही एकच. मी म्हटलं, नाताळ आहे, आपण वर्ग सजवू. आमच्याकडे सणाला सभागृहाच्या खांबांना हिरवी पानं बांधतात, आणि हिरवं पान म्हणजे आमच्याकडे माडाचं नाहीतर केवड्याचं. इथे जिकडे बघावं तिकडे हिरवंगार! मला तर हावच सुटली. सोमवारी सकाळी मी झऱ्याच्या वाटेला गेले आणि एक झाड दिसलं. बुटकं, आणि पानं कशी, कंगव्यासारखी, तुकतुकीत, एकेक हातभर. मी दोन कापली. दोन्ही हातांना ओरखडे पडले. ती आणून शाळेच्या दारावर एकमेकांवर आडवी बांधली. मागे सरून पाहिलं. फार सुंदर दिसत होती.

बघा, पुढच्या रांगेतल्या बायका आत्तापासूनच तोंडावर हात धरायला लागल्या.

भगिनी, ते झाड नामेले. इथे प्रमुखाने नामेलेचं पान एखाद्या जागी लावलं, की ती जागा बंद. वाट असो, बाग असो, समुद्रातला खडक असो. तिथे पाऊल टाकायचं नाही. आणि ज्याने लावलं त्यानेच ते काढायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. हे इथलं रांगतं पोरही जाणतं. ते पान लावायचा अधिकार प्रमुखांचा. बाईमाणसाचा नाही, परक्याचा तर नाहीच नाही.

आणि मी ते लावलं कुठे? तर नेमकं या शाळेच्या दाराला. या शाळेची जमीन वरच्या वाडीची की खालच्या, यावरून दोन्ही वाड्यांत तेव्हा बोलणं बंद होतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी वर्गाला कोणी आलं नाही. मी म्हटलं, मासे मिळाले असतील. बुधवारी कोणी आलं नाही. मी रडले. मला वाटलं, मला शिकवताच येत नाही. गुरुवारी सकाळी लेइसाले आली. पाठीला झोळीत आठ दिवसांची लेक. दहा पावलांवर पपईच्या झाडापाशीच थांबली.

मी म्हटलं, "आत ये की गं! उन्हात काय उभी राहतेस?"

"कशी येऊ? दाराला पान आहे."

"हो ना! छान दिसतंय ना?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला ऊन लागलंय की काय. म्हणाली, "छान? अगं, शुद्धीवर आहेस ना? नामेले आहे ते. शाळा बंद केलीय कोणीतरी. आमची वरच्या वाडीची माणसं म्हणतात, तारीवेरने केली, जमीन बळकावायला. खालचे म्हणतात, पाकोआने केली. कालपासून कोयते घासतायत दोन्हीकडे. तू इथेच राहतेस, तू पाहिलं असशील. कोणी लावलं?"

आता इथे जरा थांबते. पाणी द्या कोणीतरी.

तुम्ही जी गोष्ट ऐकली आहे, नाटकात पाहिली आहे, त्यात हा गुरुवार नाही. कधीच नव्हता. नाटकात बाईंना पानाचा अर्थ कळतो तो थेट रविवारी, चक्रीवादळात, दारात. आणि कळल्याबरोबर बाई धीटपणे पुढे होतात. मीच तशी गोष्ट सांगितली होती. खरी अशी आहे, की मला गुरुवारी सकाळी, पपईच्या झाडाखालून, स्पष्ट शब्दांत सांगण्यात आलं होतं. आणि "कोणी लावलं?" या प्रश्नाला मी उत्तर दिलं, "मला नाही माहीत. मी नाही पाहिलं."

लेइसालेने माझ्या हातांकडे पाहिलं. ओरखडे ताजे होते.  लेकीला सावरलं आणि निघून गेली.

मला वाटलं, रात्रीतून पान काढून टाकू. पण मग वाटलं, काढताना कोणी पाहिलं तर? आणि ते नाहीसं झालं तर दोघे एकमेकांवर त्याचाही आळ घेतील. मग सांगूनच टाकावं म्हटलं. शुक्रवारी मी दोनदा तारीवेरांच्या घरापर्यंत गेले. एकदा कुत्रं भुंकलं म्हणून परत आले. दुसऱ्यांदा कुत्रं भुंकलंही नाही, तरी परत आले. पास्टर येतील तेव्हा सांगू, असं ठरवून मी खोलीत बसून राहिले आणि देवाचं नाव घेत राहिले. देवाला तेवढं सांगितलं. त्याला सांगायला कुत्र्यावरून जावं लागत नाही ना.

शनिवारी झऱ्याच्या वाटेवर दोन्ही वाड्यांची माणसं समोरासमोर आली. वरच्या वाडीकडून पुढे होता मासिंग, लेइसालेचा सख्खा भाऊ. त्या वेळी तेवीस वर्षांचा. या बेटावर त्याच्यासारखी गिटार कोणी वाजवत नव्हतं. नाताळात तीन गावांची आमंत्रणं त्याला यायची. खालून होता तारीवेरांचा पुतण्या, जो आता न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला जातो. "पान काढा." "आम्ही लावलंच नाही, काढू काय? तुम्ही काढा." एवढंच भांडण. एवढंच! आणि कोयता चालला. मासिंगच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

मासिंग, तू तिसऱ्या खांबापाशी बसला आहेस. मी इथे उभी राहिल्यापासून तुझ्याकडे एकदाही पाहिलेलं नाही. आत्ता पाहते आहे.

मला तो आरडाओरडा खोलीत ऐकू आला. मी कानांवर हात ठेवले.

रविवारचं तुम्हाला ठाऊक आहे. तारीवेरांच्या रेडिओवर सकाळपासून वादळ नकाशाच्या कोणत्या चौकोनात आहे ते सांगत होते. नकाशावर अक्षर आणि आकडा, अक्षर आणि आकडा, आणि दर वेळी वादळ एकेक चौकोन आपल्याकडे सरकत होतं. दुपारी बाराला खालच्या वाडीतली छपरं उडायला लागली. केळी आडवी झाली. आणि मग दोन्ही वाड्या वर पळत सुटल्या, या शाळेकडे, कारण उभं राहील असं दुसरं काही नव्हतं.

मी आत. कोरडी. दार उघडलं तर समोर अंगणात सत्तर-ऐंशी माणसं. पोरांना पोटाशी धरून, पाठी वाऱ्याकडे करून, पावसात उभी. पण आत कोणी येईना! मी हातांनी बोलावते आहे, ओरडते आहे, आणि लोक माझ्याकडे नाही, माझ्या डोक्यावरच्या त्या दोन पानांकडे बघत आहेत. पाकोआ ओरडले, "तारीवेर, मेलेल्या पोरांवर राज्य करणार आहेस का? काढ ते!" तारीवेर ओरडले, "अरे, शपथेवर सांगतो! मी लावलं नाही! तू काढ!" एक पत्रा उडत आला आणि त्या फणसाच्या बुंध्यात रुतला, मासिंगच्या आईपासून दोन हातांवर. लेइसालेने लेक झग्याच्या आत घेतली होती. ती एकटीच पानांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "मी लावलं." कोणाला ऐकू गेलं नाही, वारा तसा होता. तुम्हाला खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं, की ऐकू गेलं नाही. मग मी पुन्हा ओरडले. "मी लावलं! मी! सजावट म्हणून!" आणि ती पानं ओरबाडून काढली आणि तुम्ही सगळे माझ्या अंगावरून, मला जवळजवळ तुडवत, आत आलात.

संध्याकाळी वारा उतरला. याच फरशीवर सगळे ओले, थरथरत बसले होते. पहिले हसले तारीवेर. "सजावट!" म्हणाले, आणि हसता हसता त्यांना खोकला लागला. "आठवडाभर आम्ही एकमेकांचे गळे धरतोय आणि ही बाई म्हणते, सजावट!" पाकोआ हसले नाहीत, पण तारीवेरांच्या पाठीवर थाप मारली, खोकला थांबवायला. दोन्ही वाड्या बोलत्या झाल्या त्या अशा. मग तारीवेरांनी मला विचारलं, "बाई, तुला याचा अर्थ कळला कधी?"

आणि मी म्हटलं, "आत्ताच. दारात."

सगळे म्हणाले, वा! कळल्याबरोबर कबूल केलं. धीट आहे. लेइसालेने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लेकीला पाजायला लागली. तिच्या शेजारी मासिंग पडला होता, हाताला झग्याची चिंधी गुंडाळलेली. त्याने उजवा हात उचलून मला म्हटलं, "बाई, तुमची काही चूक नाही. तुम्हाला कुठे माहीत होतं?"

परक्या बाईकडून अजाणता झालं म्हणून मला दंड लागला एक छोटं डुक्कर. तेही लेइसालेच्या घरच्यांनीच माझ्यावतीने भरलं. म्हणजे मासिंगच्या घरच्यांनी.

पुढच्या वर्षी मी तिला विचारलं, "तू का नाही सांगितलंस?" ती मासे साफ करत होती. म्हणाली, "सांगितलं असतं तर तुला पाठवलं असतं. तू गेलीस तर माझ्या पोरीला वाचायला कोण शिकवणार? त्याची बोटं काही परत येणार नव्हती." मग पुढचा मासा हातात घेतला. आणि म्हणाली, "मी आहे तोवर त्याला सांगू नकोस. तो मला विचारेल, तुला माहीत होतं का, आणि मला भावाशी खोटं बोलता येत नाही." आता ती नाही. पण मी काय तिच्यासाठी गप्प राहिले होते का? छे! मला तिचं ते बोलणं फार सोयीचं पडलं. मी गप्प राहिले ती भीतीने, दर डिसेंबरला इथे आले त्या अठराही सुट्ट्या. लोक म्हणायचे, बाई मासिंगच्या मुलांवर जास्त जीव टाकतात, त्यांना वर्गानंतर अर्धा तास जास्त शिकवतात. मुलं गुणी होती हे खरं. पण तो अर्धा तास मी त्यांना देत होते, कारण त्यांच्या बापाच्या समोर जायची माझी छाती नव्हती. मासिंगच्या घरावरून जायचं टाळून मी नदीच्या वाटेने जायची, आणि नदीला मी किती घाबरते हे तुम्हाला माहीत आहे.

भगिनी, तुम्ही सुवाला जाऊन याचा काय अहवाल द्यायचा तो द्या. मी अडवणार नाही.

सकाळपासून बाहेर आंब्याखाली एक मोठं डुक्कर बांधलेलं आहे. बायकांनी मला दोनदा विचारलं, हे कापायचं कधी, चूल पेटवायची कधी. ते जेवणाचं नाही. ते मी पाकोआंच्या पुतणीकडून आणवलं आणि ते मासिंगचं आहे. ही माझ्या पायाशी गुंडाळलेली चटई मी स्वतः विणली आहे, आमच्या बेटाच्या पद्धतीने, वर्षभर लागलं. तुमच्याकडे चूक कबूल करायची ती चटई आणि डुक्कर ठेवून, हे मला आता कळतं. मासिंग, हा पानाचा दंड नाही. तो भरून झाला. गुरुवारी मी "नाही" म्हणाले, त्याचा हा दंड आहे. मी त्या दिवशी दहा पावलं चालून खरं बोलले असते, तर शनिवारी तू झऱ्यावर गेलाच नसतास. हे मी रोज जाणते.

प्रमुख पाकोआ, जरा थांबा, मासिंग उठलाय तर त्याचा हात धरू नका. त्याला बाहेर जायचं असेल तर जाऊ द्या. नाही? बसतोय? बरं.

आता रीतीचं बोलणं राहिलं आहे. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, त्यांची मी आभारी आहे. दोन्ही वाड्यांच्या बायकांनी पहाटेपासून लापलाप रांधलं, सगळ्यांनी अठरा वर्षं मला आपल्या घरात घेतलं, त्यांची आभारी आहे. भाषणाच्या शेवटी वक्ता म्हणतो, बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, आणि खाली बसतो. मला तसं सगळ्यांना मिळून म्हणता येणार नाही. माझं जे चुकलं ते मी नाव घेऊन सांगितलं आहे आणि माफी मला एकाच माणसाकडे मागायची आहे. टाळ्या नका वाजवू कोणी.

मासिंग, मी चटई घेऊन खाली येते आहे.  चटई घ्यायची की नाही ते तू ठरव. पण मी येते आहे.